तारापूरचे इंधन

24 सप्टेंबर 1980 रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये एका ठरावावर मते घेण्यात आली. भारताला द्यायचे युरेनियम रोखावे, असे सांगणारा हा ठराव काही दिवसांपूर्वीच प्रतिनिधिगृहाने 298 विरुद्ध 98 मतांनी संमत केला होता. सिनेटनेही तो उचलून धरला असता तर विषय तिथेच संपला असता. प्रत्यक्षात ठरावाच्या बाजूने 46 मते पडली आणि विरोधात 48. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आणि परराष्ट्रमंत्री एडमंड मस्की यांनी सिनेटरांची मनधरणी करून हे दोन मतांचे आधिक्य मिळवले होते. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरून नऊ महिने होत आले होते आणि अशा वेळी दिल्लीला दुखावणे कार्टर यांना परवडणार नव्हते.

ज्या 38 टनांसाठी ही लढाई झाली, ते युरेनियम जाणार होते तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला समुद्रकाठी उभ्या असलेल्या तारापूर अणुवीज केंद्राकडे.

अण्वस्त्रांचा प्रसार रोखणाऱ्या करारांचा इतिहास सांगताना जिनिव्हा, व्हिएन्ना, न्यूयॉर्क ही नावे ओघाने येतात. त्या करारांची खरी कसोटी ज्या मोजक्या जागी लागली, त्यांत मी तारापूरचे नाव फार वर ठेवतो. हे केंद्र कुठल्याही बाँबच्या कामी आलेले नाही. पोखरणच्या स्फोटात इथले रतीभरही इंधन नव्हते. तरीही तीस-पस्तीस वर्षे प्रसारबंदीचा जवळजवळ प्रत्येक नवा नियम आधी इथे येऊन थडकला. असे का झाले, हे समजून घेतल्याशिवाय 2008 साली व्हिएन्नात जे घडले त्याचा अर्थ लागत नाही.

8 डिसेंबर 1953 रोजी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत अणुशक्तीच्या शांततामय वापराची योजना मांडली. ज्ञान आणि साहित्य वाटून घ्यायचे, त्याचा वापर बाँबसाठी होणार नाही अशी हमी घ्यायची आणि त्यावर लक्ष ठेवायला एक आंतरराष्ट्रीय संस्था उभारायची, असा तिचा गाभा होता. ती संस्था, म्हणजे आजची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था, 1957 मध्ये व्हिएन्नात सुरू झाली. तिची घटना ठरत असताना भारताच्या बाजूने सर्वांत धारदार आक्षेप घेतले ते होमी भाभांनी. ज्यांना बाहेरून मदत घ्यावी लागते, त्यांच्याच भट्ट्यांवर पहारा बसणार आणि ज्यांच्याकडे बाँब आहेत ते मोकळे राहणार, हे त्यांना मान्य नव्हते. अशाने जगात आहे रे आणि नाही रे अशा देशांची कायमची फाळणी होईल, ही त्यांची भीती होती.

याच भाभांना काही वर्षांत तारापूरसाठी पहारा पत्करावा लागला. त्यांचा दूरचा आराखडा वेगळा होता: भारतात मिळणारे नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी यांवर चालणाऱ्या भट्ट्या, त्यातून मिळणारे प्लुटोनियम, आणि शेवटी केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूतले थोरियम. तारापूरची भट्टी या साखळीत कुठेच बसत नव्हती. तिला समृद्ध युरेनियम लागणार होते, आणि ते भारतात तयार होत नव्हते. तरी भाभांनी ती घेतली, कारण कोळशाच्या खाणींपासून दूर असलेल्या पश्चिम किनाऱ्यावर अणुवीज परवडते हे त्यांना लवकर आणि ठळकपणे दाखवायचे होते. जागतिक निविदा मागवल्या गेल्या आणि जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीच्या उकळत्या पाण्याच्या दोन भट्ट्या निवडल्या गेल्या. अमेरिकेने सुमारे 8 कोटी डॉलरचे कर्ज अगदी नाममात्र व्याजाने दिले. 1960 मध्ये नव्यानेच जन्मलेल्या महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांनी ही वीज वाटून घ्यायची होती.

भारत-अमेरिका करारावर वॉशिंग्टनमध्ये सह्या झाल्या 8 ऑगस्ट 1963 रोजी. अंशतः अणुचाचणी बंदी करारावरही भारताने त्याच दिवशी सही केली. वातावरणात, अवकाशात आणि पाण्याखाली स्फोट करायचे नाहीत, असा तो करार होता, आणि अणुचाचण्या थांबवा अशी हाक नेहरूंनी 2 एप्रिल 1954 रोजी, अशा करारांची कुणी चर्चाही करत नव्हते तेव्हा, लोकसभेतून दिली होती. 8 ऑगस्ट 1963 हा दिवस त्या काळच्या भारताची भूमिका नेमकी सांगतो: शस्त्रांना विरोध, विजेला होकार, आणि दोन्ही बाबतींत जगाशी करार करण्याची तयारी.

तारापूरचा करार 30 वर्षांचा होता. केंद्राला लागणारे सगळे समृद्ध युरेनियम अमेरिका विकेल आणि भारत ते अमेरिकेकडूनच घेईल, असे त्यात ठरले. त्या बदल्यात इथल्या इंधनावर देखरेख राहील. पुढे त्रिपक्षीय करार होऊन ही देखरेख व्हिएन्नाच्या संस्थेकडे गेली. वापरलेल्या इंधनावर भारतात पुनर्प्रक्रिया करता येईल, मात्र तिथे देखरेख नीट होऊ शकते असा निर्णय दोन्ही देशांनी मिळून घ्यायला हवा, हीही अट होती. आणि देखरेखीच्या कलमात भारताने आणखी एक वाक्य घालून घेतले. आम्ही ही देखरेख मान्य करतो ती या केंद्रात अमेरिकेने दिलेल्या इंधनाखेरीज दुसरे कुठलेही इंधन वापरले जाणार नाही म्हणून, असा त्याचा आशय. अमेरिकेची भूमिका याहून निराळी आहे, हेही तिथेच नोंदवले गेले.

त्या वाक्यात पुढची सगळी भांडणे साठवलेली होती. इंधन देत राहाल तोवर पहारा, इंधन थांबले की पहाराही संपला, असा त्याचा भारतीय अर्थ. पुढे वॉशिंग्टनमध्ये कुणी इंधन तोडण्याची भाषा केली की दिल्लीहून याच वाक्याची आठवण करून दिली जाई. दोन भट्ट्यांच्या वापरलेल्या इंधनात साठत चाललेले प्लुटोनियम मग भारताच्या मोकळ्या ताब्यात येईल, ही शक्यता अमेरिकी मुत्सद्द्यांची झोप उडवायला पुरेशी होती.

तारापूरचे बांधकाम चालू होते त्याच काळात जिनिव्हात अण्वस्त्र प्रसारबंदी कराराचा मसुदा आकार घेत होता. त्याची मूळ कल्पना महासत्तांची नव्हती. आयर्लंडचे परराष्ट्रमंत्री फ्रँक एकन यांनी 1958 पासून ती संयुक्त राष्ट्रांत लावून धरली आणि 1961 मध्ये आमसभेने त्यांचा ठराव एकमताने मंजूर केला. बाँब असलेल्यांनी तो दुसऱ्याला द्यायचा नाही, नसलेल्यांनी तो मिळवायचा नाही. 1963 च्या मार्चमध्ये केनेडींनी पत्रकारांसमोर बोलून दाखवले होते की सत्तरच्या दशकात पंधरा ते पंचवीस देशांकडे अण्वस्त्रे असू शकतील. ही भीती खोटी नव्हती, आणि आज तो आकडा नऊवर थांबला आहे यात या कराराचा मोठा वाटा आहे, असे मला वाटते. भारतात या कराराविषयी लिहिताना हे श्रेय फार क्वचित दिले जाते.

भारत त्या चर्चेत बाहेरून टीका करणारा नव्हता. 1965 मध्ये आमसभेने कराराची जी पाच तत्त्वे ठरवली, ती पुढे करणाऱ्या अलिप्त देशांत भारत होता. करारात पळवाट नसावी. अण्वस्त्रधारी आणि अण्वस्त्रहीन देशांच्या जबाबदाऱ्यांचा समतोल असावा. आणि करार निःशस्त्रीकरणाच्या दिशेने नेणारा असावा. जिनिव्हात भारताचे प्रतिनिधी व्ही. सी. त्रिवेदी हेच मुद्दे पुन्हा पुन्हा मांडत होते. दरम्यान 16 ऑक्टोबर 1964 रोजी चीनने पहिला अणुस्फोट केला होता. 1962 चे युद्ध हरून दोन वर्षेही झाली नव्हती. भारताने मोठ्या देशांकडे संरक्षणाची हमी मागून पाहिली. आधार वाटावा असे काही हाती आले नाही.

शेवटी जो मसुदा आला त्यात 1 जानेवारी 1967 पूर्वी स्फोट केलेल्यांनाच अण्वस्त्रधारी मानले होते. म्हणजे अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्रिटन, फ्रान्स आणि चीन. या पाचांनी निःशस्त्रीकरणासाठी सद्भावनेने वाटाघाटी करायच्या होत्या; मुदत नव्हती, तपासणी नव्हती. बाकी सर्वांनी आपले प्रत्येक केंद्र तपासणीसाठी उघडायचे होते. एकट्या अमेरिकेकडे त्या वेळी सुमारे तीस हजार अण्वस्त्रे होती. 12 जून 1968 रोजी आमसभेत 95 देशांनी या कराराच्या बाजूने मत दिले, 4 विरोधात गेले आणि 21 तटस्थ राहिले. त्या 21 मध्ये भारत होता. 1 जुलैला करार सह्यांसाठी खुला झाला तेव्हा मॉस्कोत पहिली सही करण्याचा मान एकन यांना मिळाला. भारताने सही केली नाही, आजही केलेली नाही.

तारापूरला याने लगेच काही झाले नाही. 28 ऑक्टोबर 1969 पासून दोन्ही भट्ट्या वीज देऊ लागल्या. भारतातले पहिले अणुवीज केंद्र म्हणून त्याचे कौतुक झाले. इंधन सुरुवातीला अमेरिकेतून तयार होऊन आले. पुढे युरेनियम तिकडून यायचे आणि हैदराबादच्या कारखान्यात त्याच्या वड्या आणि नळ्या बनायच्या.

18 मे 1974 ला पोखरणच्या वाळवंटात स्फोट झाला. या घटनेवर भारतात अभिमानाने पुष्कळ लिहिले गेले आहे. मला इथे कॅनडाविषयी लिहायचे आहे. स्फोटातले प्लुटोनियम तुर्भेच्या सायरस भट्टीतून आले होते. ती भट्टी कॅनडाने 1956 च्या करारानुसार मदत म्हणून दिली होती आणि तिच्यासाठीचे जड पाणी अमेरिकेचे होते. वापर शांततेसाठी होईल, हे भारताचे वचन होते; तपासणीची अट नव्हती. 1971 मध्ये कॅनडाचे पंतप्रधान पियेर त्रुदो यांनी इंदिरा गांधींना पत्र लिहून आधीच बजावले होते की या साहित्याने अणुस्फोट केला तर तो आम्ही वचनभंग समजू. भारताने उत्तर दिले ते शब्दाला धरून: हा स्फोटही शांततेसाठी आहे. स्वतः अमेरिकेने कालवे आणि बंदरे खणण्यासाठी अणुस्फोटांचा कार्यक्रम चालवला होता, हे खरे. कायद्याच्या भाषेत भारताची बाजू मांडता येते, अनेकांनी मांडलीही आहे. पण ज्याने विश्वासाने मदत केली त्याला आधीच शंका होती, त्याने ती कळवलीही होती, आणि तरी आपण पुढे गेलो. प्रसारबंदीचे जाचक नियम भारतावर अन्यायाने लादले गेले असे म्हणताना हा भाग गाळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

कॅनडाने अणुसहकार्य थांबवले. अमेरिकेचे सरकार सुरुवातीला मवाळ होते. तारापूरचे इंधन या केंद्राखेरीज कुठेही वापरणार नाही, अशी लेखी हमी त्याने मागितली आणि अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होमी सेठना यांनी ती दिली. इंधन येत राहिले. मात्र लंडनमध्ये अणुसाहित्य विकणारे देश गुपचूप एकत्र येऊ लागले होते. 1975 मध्ये सुरू झालेल्या या बैठकांतून अणुपुरवठादार देशांचा गट जन्मला. 1978 मध्ये त्याचे नियम जाहीर झाले. त्याच्यामागे कुठलाही आंतरराष्ट्रीय करार नव्हता. काही देशांनी आपसात ठरवले होते की काय विकायचे, कुणाला आणि कोणत्या अटीवर. मूळ करारावर सही न करणाऱ्यांना या गटाने करारापेक्षा कितीतरी परिणामकारकपणे बांधले.

अमेरिकेत 1976 मध्ये पर्यावरण आणि विज्ञान क्षेत्रातल्या तीन संस्था अणुनियामक आयोगापुढे गेल्या. तारापूरच्या इंधनाचा निर्यात परवाना देऊ नये, असा त्यांचा अर्ज होता. परदेशी निघालेल्या युरेनियमवर आयोगाने जाहीर सुनावणी घेण्याची ती पहिलीच वेळ. सरकारांमधला एक व्यवहार आता जनतेच्या चर्चेचा विषय झाला. 10 मार्च 1978 रोजी कार्टर यांनी नव्या प्रसारबंदी कायद्यावर सही केली. ज्या अण्वस्त्रहीन देशाला इंधन हवे त्याने आपली सगळी केंद्रे देखरेखीखाली आणावीत, त्याला 2 वर्षांची सवड, नंतर पुरवठा बंद. 1963 च्या करारात असे काही नव्हते. त्या कराराची एक बाजू आपल्या देशात कायदा करून त्याच्या अटी मागाहून बदलत होती, आणि भारताचा खरा राग यावर होता.

त्याआधी जानेवारीत कार्टर दिल्लीला येऊन गेले होते. पंतप्रधान मोरारजी देसाईंशी बोलणे झाल्यावर ते परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांच्या कानाशी पुटपुटले की परत गेल्यावर याला थंड आणि अगदी रोखठोक पत्र लिहायला हवे. जवळचा मायक्रोफोन चालू होता. जगाने ते ऐकले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यामुळे मराठी माणसाच्या मनात मोरारजींविषयी जी कटुता आहे ती मलाही ठाऊक आहे, आणि ती निष्कारण नाही. या प्रश्नावर मात्र त्यांच्याइतका सरळ माणूस दोन्ही बाजूंना दुसरा नव्हता. बाँबला त्यांचा मनापासून विरोध होता. भारत अण्वस्त्रे बनवणार नाही आणि मिळवणारही नाही, असे त्यांनी जून 1978 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरण अधिवेशनात सांगून टाकले. त्याच वेळी तुमच्या शस्त्रांच्या कारखान्यांची दारे बंद असताना आमच्या प्रयोगशाळांची दारे उघडणार नाही, हेही ते कार्टर यांना तोंडावर सांगत. बाँब नको म्हणणारा पंतप्रधान समोर असताना त्याच्याशी तडजोड साधता आली नाही, हे कार्टर यांच्या धोरणाचे मोठे अपयश मानावे लागेल.

एप्रिल 1978 मध्ये नियामक आयोगात मते 2-2 अशी विभागली. कार्टर यांनी अधिकार वापरून इंधन पाठवले. दोन वर्षांनी सवड संपली तेव्हा दोन अर्ज पडून होते आणि आयोगाने ते एकमताने फेटाळले. अर्ज मुदत संपण्यापूर्वीचे आहेत, असे सांगत कार्टर यांनी पुन्हा आयोगाला डावलले. प्रसारबंदीचा आपल्या कारकिर्दीतला सर्वांत कडक कायदा करणारा राष्ट्राध्यक्ष त्याच कायद्यातून सूट मिळवण्यासाठी सिनेटशी झगडत होता. 48 विरुद्ध 46 ही त्या झगड्याची मते. त्या दोन अर्जांपैकी एक हिस्सा आला, दुसरा लांबत गेला.

तारापूरमध्ये याचा अर्थ काय होता? अशा भट्टीच्या गाभ्यात इंधनाचे 284 जुडगे असतात आणि ठरावीक काळाने त्यांतले काही बदलावे लागतात. नवे कधी येतील याचा भरवसा नसल्याने हाताशी असलेले पुरवून वापरायचे, म्हणजे भट्टी कमी ताकदीने चालवायची. सुट्या भागांचाही तोच प्रश्न. बांधणाऱ्या कंपनीकडून मदत आटली तेव्हा गळणाऱ्या नळ्या, झिजलेली यंत्रे इथल्याच अभियंत्यांनी दुरुस्त केली. दोन्ही भट्ट्या मूळच्या प्रत्येकी 210 मेगावॉटच्या. वाफेच्या यंत्रणेतल्या बिघाडांमुळे त्या कायमच्या 160 वर आणाव्या लागल्या. किरणोत्सर्गी भागात उतरून ही कामे करणाऱ्यांमध्ये कायम नोकरीतल्या लोकांबरोबर कंत्राटी मजूरही होते. प्रसारबंदीच्या इतिहासात त्यांची नोंद नाही, आणि ती असायला हवी.

वापरलेले इंधन साठत होते ते वेगळेच. त्यावर पुनर्प्रक्रिया करण्यासाठी तारापूरलाच कारखाना उभा राहिला होता. करारातला संयुक्त निर्णय द्यायला अमेरिका तयार होईना. परवानगी देत नसाल तर ते इंधन परत तरी न्या, असे म्हटले तर तेही नाही. जुडगे पाण्याच्या टाक्यांत राहिले, टाक्या भरत आल्या, मग साठवणीची नवी जागा बांधावी लागली.

1982 च्या जुलैअखेर इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या आणि रोनाल्ड रेगन यांच्याशी तोडगा ठरला. 1963 चा करार तसाच राहील, त्यातली देखरेखही राहील. इंधन फक्त फ्रान्स देईल. अमेरिकेचा कायदा मोडला गेला नाही, भारताचे वाक्य कुणी आजमावून पाहिले नाही. नोव्हेंबरमध्ये फ्रान्सशी करार झाला. फ्रान्सने त्या वेळी प्रसारबंदी करारावर सही केलेली नव्हती. पुढच्या वर्षी परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ दिल्लीत आले आणि सुट्या भागांचीही वाट थोडी मोकळी झाली.

दहा वर्षे बरी गेली. 1991 च्या आखाती युद्धानंतर इराकमध्ये तपासणी झाली तेव्हा करारावर सही करूनही त्या देशाने किती मजल मारली होती ते उघड झाले आणि जग हादरले. 1992 मध्ये वॉर्सा इथे पुरवठादार गटाने ठरवले की यापुढे सगळी केंद्रे देखरेखीखाली असल्याशिवाय कुणालाही काही विकायचे नाही. त्याच वर्षी फ्रान्स आणि चीन दोघेही प्रसारबंदी करारात आले. ऑक्टोबर 1993 मध्ये तारापूरच्या कराराची 30 वर्षे संपली आणि फ्रान्सने हात आखडता घेतला. करार संपला होता. भारत देखरेख झुगारू शकला असता. तसे केले नाही. 1994 मध्ये व्हिएन्नाच्या संस्थेशी स्वतंत्र करार करून भारताने देखरेख पुढे चालू ठेवली. माझ्या वाचनात या सबंध कहाणीतला भारताचा सर्वांत शहाणा निर्णय हाच आहे.

इंधन दिले ते चीनने. ज्याच्या 1964 च्या स्फोटाने भारताची सगळी गणिते बदलली होती, त्याने 1995 च्या जानेवारीत तारापूरसाठी युरेनियम देण्याचे मान्य केले. तो पुरवठादार गटाचा सदस्य नव्हता, त्यामुळे वॉर्साचा नियम त्याला लागू नव्हता. त्यानंतर पाळी रशियाची. 2001 मध्ये रशियाने 58 टन इंधन दिले आणि ते सुरक्षिततेसाठी अत्यावश्यक असल्याच्या अपवादात बसवले. गटातल्या बहुतेक सदस्यांनी आक्षेप घेतला. 2006 मध्ये रशियाने आणखी 60 टन दिले तेव्हाही कारण तेच सांगितले.

दरम्यान मे 1995 मध्ये प्रसारबंदी करार कायमचा करण्यात आला, 1996 मध्ये सर्वंकष चाचणीबंदी कराराला भारताने जिनिव्हात नकार दिला, आणि मे 1998 मध्ये पोखरणला पुन्हा स्फोट झाले. यांतल्या प्रत्येकावर स्वतंत्र लिहावे लागेल.

18 जुलै 2005 रोजी मनमोहन सिंग आणि जॉर्ज बुश यांचे संयुक्त निवेदन आले. अणुसहकार्याची ती नवी सुरुवात समजली जाते. त्या निवेदनात एकाच अणुकेंद्राचे नाव आहे: तारापूर. तिथल्या देखरेखीखालच्या भट्ट्यांना इंधन लवकर मिळावे यासाठी अमेरिका स्वतः विचार करेल आणि मित्रदेशांनाही तसे सुचवेल, असे त्यात म्हटले होते. पुढचे आठ महिने कुठली केंद्रे नागरी ठरवायची आणि कुठली लष्करी, यावर ओढाताण झाली. भारताच्या बाजूने अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष अनिल काकोडकर होते. रुपारेल आणि व्हीजेटीआयमध्ये शिकलेल्या, 1960 च्या दशकात तुर्भेच्या केंद्रात दाखल झालेल्या या अभियंत्याने तारापूरची उपासमार जवळून पाहिली होती. शीघ्र प्रजनक भट्ट्या यादीबाहेर ठेवण्यावर ते अडून बसले, आणि त्या बाहेर राहिल्या.

मार्च 2006 च्या विभाजन आराखड्यातला इंधनाचा भाग मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा तेव्हा त्यात तारापूरच दिसते. भारताने भट्ट्यांच्या उभ्या आयुष्याला पुरेल असा इंधनसाठा करायचा, त्याला अमेरिकेने साहाय्य करायचे. पुरवठा खंडित झाला तर रशिया, फ्रान्स, ब्रिटन अशा मित्रदेशांना बोलावून तो पूर्ववत करायचा. आणि तरी तो थांबलाच तर भट्ट्या अखंड चालू ठेवण्यासाठी भारत उपाययोजना करू शकेल. व्हिएन्नाच्या संस्थेशी झालेल्या करारातही हे शब्द उतरले. 1963 मध्ये जे एका वाक्यात बसवले होते ते आता परिच्छेदांमध्ये मांडले गेले, कारण ते वाक्य किती ताणले जाऊ शकते हे मधल्या काळात कळले होते.

2008 च्या जुलैत अमेरिकेशी होणाऱ्या या अणुकराराच्या विरोधात डाव्या पक्षांनी सरकारचा पाठिंबा काढला. लोकसभेत सरकार 275 विरुद्ध 256 मतांनी तरले. सप्टेंबरमध्ये पुरवठादार गटाचे 45 देश व्हिएन्नात बसले. ऑस्ट्रिया, न्यूझीलंड आणि आणखी काही लहान देश वॉर्साच्या नियमातून भारताला सूट द्यायला तयार नव्हते. त्यांच्यात आयर्लंडही होता, पन्नास वर्षांपूर्वी प्रसारबंदीची कल्पना मांडणाऱ्या एकन यांचा आयर्लंड. त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता: करारावर सही करून निर्बंध पाळणाऱ्यांना जे मिळते ते सही न करणाऱ्याला मिळत असेल, तर सही करण्याला किंमत काय उरली? याला समाधानकारक उत्तर मी अजून कुठे वाचलेले नाही. परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी यांनी 5 सप्टेंबरला निवेदन काढून चाचण्या न करण्याच्या स्वेच्छेच्या बांधिलकीचा पुनरुच्चार केला. विरोध हळूहळू मावळला आणि 6 सप्टेंबर 2008 रोजी सूट मंजूर झाली.

तोवर तारापूरला दोन नव्या भट्ट्या चालू झाल्या होत्या. 2005 आणि 2006 मध्ये सुरू झालेल्या या प्रत्येकी 540 मेगावॉटच्या भट्ट्या भारतीय बनावटीच्या आहेत, जड पाण्यावर आणि नैसर्गिक युरेनियमवर चालतात. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावे उठवली गेली. पुनर्वसनासाठी तिथल्या लोकांना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. विभाजनाच्या आराखड्यात पहिल्या दोन भट्ट्या नागरी यादीत आहेत, नव्या दोन नाहीत. व्हिएन्नाचे निरीक्षक पहिल्या दोन भट्ट्यांतले जुडगे मोजतात, मोहोरा तपासतात आणि कॅमेऱ्यांच्या नोंदी पाहतात. त्याच आवारातली तिसरी आणि चौथी भट्टी त्यांच्या कक्षेत येत नाही.